गुलाबी न झालेलं सिमेंट

खर्चे बाईंचं नाव आमच्या कॉलनीत कुणी चांगल्या तोंडानं घेतलेलं मला आठवत नाही. मीही घेतलं नाही. त्या कॉलनी सोडून गेल्या त्या दिवशी दोन-तीन घरांत पुरणाचं झालं असं म्हणतात. ते खरं नसावं, पण कुणी खोटं ठरवायलाही गेलं नाही.

आमची कॉलनी खामगावच्या बाहेर, नांदुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. तीन मजली इमारती, बहुतेक घरं शिक्षकांची आणि कारकुनांची. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचो. कॉलनीच्या पाठीमागे भिंतीला लागून एक तेलाचा कारखाना होता. त्याच्या बॉयलरला दगडी कोळसा लागायचा, आणि कोळसा महाग झाला की जुने टायर, पोती, जे हाती लागेल ते. चिमणी बुटकी. वारा पूर्वेचा असला की सगळा धूर आमच्या गॅलऱ्यांत. पण कॉलनीतल्या कितीतरी पोरांना त्याच कारखान्यात नोकऱ्या होत्या, गणपतीची वर्गणी तिथून यायची, त्यामुळे धुराबद्दल लोक हवामानाबद्दल बोलावं तसं बोलायचे. आज जरा जास्त आहे, इतकंच.

खर्चे बाई तंत्रनिकेतनात काँक्रीट शिकवून निवृत्त झालेल्या. मूळच्या संग्रामपूरच्या, लग्न केलेलं नाही. आमच्या समोरचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी घेतला. उंच, हाडकुळ्या, सुती साडी आणि पायांत कॅनव्हासचे बूट. बांधकामांवर फिरून लागलेली सवय असावी. राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आमची बेल वाजवली. बायकोला वाटलं, ओळख करून घ्यायला आल्या. तिनं पाण्याचा पेला आणून पुढं करावा तेवढ्यात बाई म्हणाल्या, "गॅलरीतल्या कुंड्या उतरवून घ्या."

"काऊन?" बायकोनं विचारलं.

"वजन," एवढं बोलून त्या गेल्या. पाण्याचा पेला बायकोच्या हातातच राहिला. तिनं कुंड्या उतरवल्या नाहीत. उलट त्या आठवड्यात एक नवी आणली.

बाईंची बोलायची एक तऱ्हा होती, ती कळायला आम्हाला थोडा वेळ लागला. एरवी त्या आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलायच्या. भाजीवाल्याशी, पोस्टमनशी "काऊन बे, उशीर केला" असं चालायचं. पण संताप आला की भाषा एकदम शुद्ध व्हायची आणि समोरच्याला "आपण" लागायचं. आवाज चढत नसे. "आपण शिकलेले आहात ना?" हे वाक्य त्यांनी ज्याला ऐकवलं नाही असा माणूस कॉलनीत राहिला नव्हता. पोरं तर एकमेकांना शिवी म्हणून "आपण" म्हणायला लागली होती.

रोज सकाळी त्या पांढरं फडकं घेऊन आपल्या खिडकीची कड पुसत. फडकं काळं व्हायचं. मग ते धुवायला न टाकता खाली येऊन सूचनाफलकावर टाचणीनं लावून जात. फलकावर पाणीपट्टीची सूचना, सत्यनारायणाचं निमंत्रण आणि मधोमध काळं फडकं. सोसायटीचे अध्यक्ष राजपूत, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, ते रोज फडकं काढून कचऱ्यात टाकत. दुसऱ्या दिवशी नवं. हे किती दिवस चाललं असेल देव जाणे. दोघांनी याबद्दल एकमेकांशी एक शब्द काढला नाही.

संक्रांतीला राजपूतांकडे हळदीकुंकू होतं. शेजारधर्म म्हणून त्यांच्या बायकोनं बाईंनाही बोलावलं. पुढचं मला माझ्या बायकोकडून कळलं. बाई आल्या, उंबऱ्यातच थांबल्या, आणि दाराजवळच्या कॉलमवर बोटांच्या पेरांनी ठकठक करायला लागल्या. चांगल्या काँक्रीटचा आवाज टणक येतो, आतून सुटलेल्याचा बद्द. बद्द आवाज आला. बाईंनी पुढच्या तबकातली स्टीलची वाटी उचलली आणि जरा जोरानं ठोकलं. वीतभर पोपडा सुटून खाली हळदीकुंकवाच्या तबकात पडला. आतली सळई दिसली, तांबूस, पापुद्रे सुटलेली. सणाच्या दिवशी तबकात माती पडणं म्हणजे काय, हे सांगायला नको. राजपूत वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी त्यांनी रीत सोडली नाही. हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "गोड बोलून गंज थांबत नाही." तिळगूळ मात्र तिथंच उभ्यानं खाल्ला.

त्यानंतर कुठल्याच घरातून त्यांना बोलावणं गेलं नाही.

माझ्याशी त्यांचं काम पडायचं ते फिनॉल्फ्थॅलिनसाठी. आमच्या प्रयोगशाळेत आम्ल आणि अल्कली ओळखायला हे औषध असतं. अल्कलीत ते गडद गुलाबी होतं, नाहीतर पाण्यासारखं राहतं. बाईंना त्याची छोटी बाटली हवी होती. मी दिली. त्या बदल्यात त्यांनी मला जिन्यातच धडा दिला, विद्यार्थ्याला द्यावा तसा. सिमेंटच्या पोटात चुना असतो, म्हणाल्या. तो आहे तोवर आतल्या लोखंडाला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि त्या चुन्याचा खडू करतो. स्वच्छ हवेत, दाट काँक्रीटमध्ये या गोष्टीला एक पिढी लागते. पण कोळशाच्या धुरातला गंधक वर आला, पावसात मिसळून आम्ल झाला, की वरचा थर भुसभुशीत होतो आणि वाट मोकळी होते. चुना संपला की सळई उघडी पडते. गंजली की फुगते आणि बाहेरचं काँक्रीट फोडून काढते.

मी म्हटलं, पण बिल्डरनंच सळईवर काँक्रीट पातळ ठेवलं असेल तर कारखान्याला कसा दोष द्यायचा? त्यांनी माझ्याकडे मठ्ठ पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "बिल्डरनं दार उघडं ठेवलं. कारखान्यानं चोर धाडला. तुम्ही एकाले सोडून देता का?"

शास्त्र त्यांचं बरोबर होतं. मला त्यात कधी खोट सापडली नाही. बाई आवडण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

एकदा त्या मला कारखान्यात घेऊन गेल्या. रसायनशास्त्राचा माणूस बरोबर असला तर शेठ उडवाउडवी करणार नाही, असा हिशेब. कारखान्याचे शेठ मृदू स्वभावाचे, किमान बोलण्यात. चहा मागवला. बाईंनी पर्समधून काळं फडकं काढून त्यांच्या टेबलाच्या काचेवर ठेवलं. शेठनी ते पाहिलं आणि हसून म्हणाले, "बाई, तुमच्याकडे धूळ फार येते. पुसायला एखादी बाई धाडू का?"

मग माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही सांगा. कारखाना बंद करू? तुमच्या कॉलनीतलीच पोरं घरी बसतील."

मी सांगितलं की बंद करायची गरज नाही. चिमणी उंच करा, टायर जाळू नका, आणि धूर चुन्याच्या पाण्यातून काढला तर गंधक बराचसा तिथंच अडकेल. शेठ थोडा वेळ विचारात पडले. खर्च किती येईल असंही विचारलं. शेवटी म्हणाले, चिमणीचं बघू. त्या क्षणी ते खरंच बघतील असं मला वाटलं, अजूनही वाटतं.

बाई उठल्या. "आपण काही बघू नका. आपण वकील बघा."

शेठचा चेहरा बंद झाला. चहा आला तेव्हा आम्ही दारात होतो.

बाहेर पडल्यावर मी चिडलो. म्हटलं, तो माणूस तयार होत होता, तुम्ही घालवलं. रस्ता ट्रकांनी भरलेला, बाई तोंडाला पदर लावून भराभर चालत होत्या. थोडं पुढं गेल्यावर थांबल्या आणि एक गोष्ट सांगितली. तरुणपणी एका खेड्यातल्या शाळेची पडवी तपासायला त्यांना धाडलं होतं. जागा पाहून त्यांनी मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती केली की इथं मुलं बसवू नका. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, जेवू घातलं, पोरगी किती नम्र आहे म्हणाले. पावसाळ्यात पडवी बसली. पुढचं त्या बोलल्या नाहीत, गावाचं नावही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मी लय गोड बोलली होती, सर." आणि परत चालायला लागल्या. मला त्यांची दया आली असं म्हणता येणार नाही. राग मात्र जरा उतरला, दोनेक दिवसांपुरता.

शेठनी पुढची खेळी केली ती फार सुरेख होती. सगळ्या कॉलनीला स्वखर्चानं प्लास्टर आणि रंग करून देतो म्हणून कळवलं. सभा भरली. राजपूतांनी ठराव वाचला, टाळ्या पडल्या, रंग कोणता यावर चर्चा सुरू झाली. बदामी का फिकट हिरवा. खर्चे बाई मागच्या खुर्चीवरून उठल्या, पार्किंगमधल्या कॉलमशी गेल्या आणि पिशवीतून छन्नी-हातोडी काढून त्याचा एक तुकडा पाडला. कुणी अडवायच्या आत. मग जिन्याखालच्या भिंतीतून, जिथं धूर पोचत नाही, तिथून दुसरा तुकडा काढला. दोन्ही टेबलावर ठेवून माझी बाटली उघडली. जिन्याखालचा तुकडा डाळिंबासारखा गुलाबी झाला. कॉलमचा तुकडा ओला झाला, बस. रंग आला नाही.

"हा जिवंत आहे," त्या पहिल्या तुकड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "आणि हा मेलेला. ज्याच्या खांद्यावर आपण सगळे झोपता तो. मेलेल्याला बदामी रंग लावा की हिरवा, आपली मर्जी."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर कदाचित काही लोक विचारात पडले असते. पण त्या एकेकाकडे वळून बोलत गेल्या. राजपूतांना म्हणाल्या, मुलाच्या कारखान्यातल्या नोकरीपायी आपण नातवंडांच्या डोक्यावरचं छत विकलं. तळमजल्यावरचे गावंडे वर्षापूर्वी वारले होते. त्यांचा मुलगा सुनील कारखान्यात वजनकाट्यावर होता. त्याला म्हणाल्या, आपले वडील खोकून मेले तरी आपल्याला धूर दिसला नाही. सुनील खुर्ची ढकलून उठला. त्याची आई, आमच्या सगळ्यांच्या गावंडे काकू, तिथंच बसल्या होत्या. त्यांनी त्याला हात धरून बसवलं. ठराव एकमतानं मंजूर झाला, एक मत सोडून.

मग बाई कोर्टात गेल्या. बिल्डर आणि कारखाना दोघांवर दावा लावला आणि निकालापर्यंत इमारतीला प्लास्टर करायला मनाई मागितली. भेगा हाच पुरावा आहे, तो झाकू देऊ नका. कोर्टानं मनाई दिली. रंगाचे डबे आले होते ते परत गेले. शेठनी दिलगिरी कळवली, कोर्टाचा मान राखलाच पाहिजे म्हणाले. कॉलनीला जो संताप आला तो सगळा बाईंवर.

मनाई मिळवल्यावर बाईंनीच सोसायटीला लिहून कळवलं की तिसऱ्या मजल्याच्या गॅलऱ्यांना खालून टेकू लावा. राजपूतांनी उत्तर दिलं, कोर्टानं हात लावू नका म्हटलंय, टेकू म्हणजेही हातच. हे त्यांनी केवळ खुन्नस म्हणून लिहिलं होतं, आणि ते वाचून आम्ही हसलो होतो. बाईंनी स्वतःच्या खर्चानं टेकू आणायचा प्रयत्न केला तर मजूर फाटकातून आत येऊ दिले नाहीत. पंपाची मोटर त्यांच्या पाळीला बंद राहायला लागली. त्यांच्या दारावरच्या पाटीला कुणीतरी काजळी फासली. बाईंनी ती पुसली नाही, मुद्दाम तशीच ठेवली.

शेवटी त्यांनी मागच्या अंगणात, गॅलऱ्यांच्या खाली येणाऱ्या पट्ट्यात, चारी बाजूंनी नायलॉनची दोरी बांधली आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लटकवलं: "मरायची हौस असेल त्यांनी येथे बसावे." कुणाला काही समजावलं नाही. तळमजल्यावरच्यांना अंगण हीच काय ती जागा. कपडे तिथं, वाळवणं तिथं. दोरी पाहून आमच्या बायका म्हणाल्या, आता अंगणही हिच्या बापाचं झालं.

चैत्र लागला आणि गावंडे काकूंनी कुरड्या घातल्या. काकू सत्तरीकडे झुकलेल्या, जळगाव जामोदकडच्या, कुणाशी वाकडं नाही. त्यांनी दोरी सोडली, गुंडाळून ठेवली, पुठ्ठा उलटा करून त्यावर ताट ठेवलं. उन्हात बाजेवर कुरड्या पसरल्या आणि स्वतः कावळे हाकलायला गॅलरीच्या सावलीत काठी घेऊन बसल्या.

मी घरी पेपर तपासत होतो. आवाज फार मोठा आला नाही. पोत्यातून विटा ओतल्यासारखा, मग काचेचा, मग काकूंचा. खिडकीतून पाहिलं तर तिसऱ्या मजल्याच्या रिकाम्या फ्लॅटची गॅलरी पुढच्या अर्ध्यात तुटून खाली आली होती. काकू तिच्याखाली कमरेपासून होत्या.

मी जिन्यात पोचलो तेव्हा बाई माझ्या पुढं होत्या, अनवाणी. खाली चार-पाच जण काकूंचे हात धरून ओढायला निघाले होते. बाई ओरडल्या, "ओढू नोका, उचला." त्यांना ओरडताना मी तेवढं एकदाच ऐकलं. त्यांनी तुकड्याखाली हात घातले, आम्हीही घातले. गंजलेल्या सळयांची टोकं त्यांच्या उजव्या तळव्यात घुसली तरी त्यांनी हात काढला नाही. तुकडा बाजूला गेला. काकू शुद्धीवर होत्या, पायाकडे पाहत होत्या. सुनीलला फोन झाला, गाडी बोलावली. बाईंच्या हातातून रक्त गळत होतं. कुणीतरी त्यांना बांधायला फडकं पुढं केलं होतं, बहुधा राजपूत वहिनींनीच.

आणि त्या वेळी बाई राजपूतांकडे वळून म्हणाल्या, "सांगितलं होतं."

वहिनींनी फडकं मागं घेतलं.

सुनील आला तो कारखान्यातून धावत. कुणीतरी त्याला काय झालं ते सांगितलं, बाई काय बोलल्या तेही सांगितलं. त्यानं बाईंचं मनगट धरलं, त्यांना चालवत फाटकापर्यंत नेलं आणि बाहेर रस्त्यावर सोडून फाटक लावलं. कुणी मध्ये पडलं नाही. गाडी येऊन काकूंना घेऊन गेली तेव्हा बाई फाटकाबाहेर तशाच उभ्या होत्या, रक्ताळलेली मूठ पदरात धरून. मग स्वतःच रिक्षा करून टाके घालायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अंगणात बसून पडलेले तुकडे गोणीत भरत होत्या, कोर्टासाठी. वरच्या खिडक्यांतून लोक पाहत होते. गिधाड, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. मी कॉलेजला निघालो होतो. बाईंनी मला हाक मारली नाही, पण मी जवळ आल्यावर एक तुकडा उलटा करून त्यावर बाटली ओतली. औषध पृष्ठभागावरून आत झिरपत गेलं, सळईच्या खोबणीपर्यंत आणि तिच्याही पलीकडे. कुठंच गुलाबी झालं नाही. खडूसारखं पांढरट, ओलं.

"पाहा, सर."

"पाहिलं," मी म्हटलं. त्यांनी तुकडा गोणीत टाकला.

काकूंचा पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेना. कॉलनीनं ठरवून टाकलं की गॅलरी बाईंच्या मनाईमुळे पडली. रंग-प्लास्टर झालं असतं तर पडली नसती, असं शिकलेले लोकही म्हणायला लागले. रंगानं आतला गंज थांबला नसता, हे मी एक-दोनदा बोललो. लोकांनी माझ्याकडे, समोरच्या दाराकडे आणि परत माझ्याकडे पाहिलं. मी बोलणं सोडलं.

अपघातानंतर कोर्टानं तज्ज्ञ नेमला. त्याच्या अहवालात बाई जे जिन्यात बोलल्या होत्या तेच होतं: सळईवरचं काँक्रीट पातळ, आणि धुरानं ते वेळेआधी संपवलं. दोघेही जबाबदार. बिल्डर आणि शेठ, दोघांनी मिळून खर्च उचलला. गॅलऱ्या तोडल्या, सळया घासून गंज काढला, गरज होती तिथं नव्या टाकल्या, मग काँक्रीट. टायर जाळणं बंद झालं. कारखान्याची चिमणी उंच झाली, धूर चुन्याच्या पाण्यातून जायला लागला. चिमणीच्या उद्घाटनाला शेठनी नारळ फोडला आणि कॉलनीच्या हक्कासाठी झटल्याबद्दल राजपूतांना शाल दिली. आम्ही सगळे खुर्च्यांवर होतो, पेढे वाटले गेले. बाई आपल्या नव्या गॅलरीत उभ्या राहून हे पाहत होत्या. हसत होत्या की काय ते इतक्या लांबून कळलं नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांनी फ्लॅट विकला. संग्रामपूरला भावाकडे जाणार असं दलालाकडून कळलं. जायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. सामान थोडंच होतं, पुस्तकं जास्त. ते चढवायला कॉलनीतलं कुणी खाली उतरलं नाही. खिडक्यांचे पडदे मात्र हलत होते. मी स्कूटर पुसत खाली होतो, म्हणून मला सगळं दिसलं.

बाई टेम्पोत बसायला निघाल्या तेव्हा तळमजल्याचं दार उघडलं आणि गावंडे काकू वॉकर टेकत बाहेर आल्या. अंगणातून फाटकापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं. बाई दारात एक पाय ठेवून थांबल्या. वर कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू होता, तोही बंद झाला. कॉलनीत बाईंना शिव्या द्यायचा पहिला हक्क काकूंचा होता, आणि त्यांनी तोवर एकदाही तो वापरला नव्हता.

काकू दम घेत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "गॅलरी तुह्यानं नाही पडली, बाई. ते समजते मले. सुन्याले नाही समजत, मले समजते."

काकूंनी वॉकर नीट टेकला.

"पन तू एक खेप मह्या दारी येऊन सांगतली असती ना, का काकू, इथं बसू नोको, वरतं पडाले झालं, त मी नसती बसली. तू ते पाटी लावली. मले वाचता येत नाही."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. काकूंना वाचता येत नाही हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, निदान कुणाच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

बाईंचा चेहरा मी नीट पाहिला. ओठ हलले. मला वाटलं, आता "आपण" येणार, शुद्ध भाषेत काहीतरी, आणि मग सुनील बाहेर येणार. त्यांनी दारातला पाय खाली घेतला. एक हात टेम्पोच्या कडेला धरलेला तसाच.

"पाय कसा हाये?" त्यांनी विचारलं.

"वाकत नाही," काकू म्हणाल्या.

बाईंनी मान हलवली. आणखी काही विचारतील म्हणून काकू थांबल्या होत्या, पण बाई तशाच उभ्या राहिल्या. मग त्या टेम्पोत चढल्या आणि दार ओढून घेतलं. काकूंनी वॉकर वळवला. मी हात द्यायला पुढं झालो तर म्हणाल्या, राहू दे.

टेम्पो फाटकातून निघून कारखान्याच्या वळणावर पोचला. तिथं आतून भरलेला ट्रक बाहेर पडत होता, अर्धा रस्त्यात, अर्धा आत. टेम्पो थांबला. खिडकीतून बाईंचा उजवा हात बाहेर आला. फाटकात उभ्या असलेल्या मला क्षणभर वाटलं की त्या मागं पाहून हात हलवताहेत. त्या ट्रकवाल्याला खुणावत होत्या, तू आधी जा. ट्रक गेला, मग टेम्पो गेला.